यारी म्हणजे भाला

गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. नववीच्या वर्गात मी उर्दूतून मराठीत आलेले शब्द शिकवत होतो. फळ्यावर दोन रांगा केल्या होत्या. उस्ताद आणि वस्ताद. तालीम आणि तालीम. पहिली तालीम म्हणजे शिक्षण, दुसरी म्हणजे कुस्तीचा आखाडा, शब्द मात्र एकच. मग दोस्ती, यारी, मोहब्बत असे शब्द सुरू झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, जापानी में यारी बोले तो भाला."

वर्ग हसला, मीही हसलो. मधल्या सुट्टीत तो मुलगा स्वतःहून स्टाफरूमच्या दारात आला. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक चित्र काढलं होतं. मुंडण केलेला एक भिक्षू, हातात लांब भाला, आणि भाल्याच्या टोकाजवळ आडवं पातं. एका जपानी चित्रकथेतून त्याने ते उतरवलं होतं. ताकेहिको इनोउए या चित्रकाराची 'व्हॅगाबाँड' ही मालिका मुलं मोबाइलवर वाचतात, हे मला तेव्हा कळलं. त्याने विचारलं, "सर, हा साधू खरा होता का? आणि साधूच्या हातात भाला कसा?"

दोन्ही प्रश्न चांगले होते आणि मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. "बघून सांगतो" असं म्हणालो. शिक्षक हे वाक्य रोज म्हणतो आणि बहुतेक वेळा विसरतो. या वेळी मी विसरलो नाही. त्याला एक खासगी कारण आहे, ते पुढे सांगतो.

जपानच्या नारा शहरात कोफुकु-जी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. नारा ७१०मध्ये जपानची राजधानी झाली, तेव्हापासून हे मंदिर तिथे आहे. फुजिवारा या बलाढ्य सरदार घराण्याचं ते मंदिर. मंदिर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एखादी वास्तू येते, पण कोफुकु-जी हे छोटं राज्यच होतं. त्याच्या आवारात शेकडो भिक्षू राहायचे, अनेक उपमठ होते, जमिनी होत्या, आणि त्या जमिनी राखायला शस्त्रधारी भिक्षू होते. मध्ययुगात यामातो प्रांताचा कारभार बऱ्याच अंशी या मंदिराच्याच हातात होता. साधूच्या हातात भाला कसा, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

या उपमठांपैकी एकाचं नाव होझोइन. तिथला प्रमुख होता काकुझेन्बो इनेई. जन्म १५२१, मृत्यू १६०७. म्हणजे चित्रातला साधू खरा होता. निदान तो ज्या परंपरेतला, ती खरी होती.

इनेईचा काळ जपानमधला सततच्या लढायांचा. त्याला शस्त्रविद्येचं वेड होतं. तलवारबाज याग्यू मुनेयोशी हा त्याचा मित्र, नाराजवळच्याच याग्यू गावचा. १५६३मध्ये कामिइझुमी नोबुत्सुना हा नावाजलेला तलवारबाज नाराला आला, तेव्हा हे दोघे मित्र त्याचे शिष्य झाले. मुनेयोशी तेव्हा काही कच्चा नव्हता, त्या भागात त्याचा दबदबा होता. पण हरल्यावर त्याने गुरू केला. पुढे त्याच्या घराण्याची तलवार तोकुगावा शोगुनांच्या दरबारापर्यंत पोहोचली. इनेईने मात्र भाला धरला.

त्याच्या भाल्याचं वैशिष्ट्य त्याच्या टोकात आहे. साधा भाला सरळ असतो, फक्त भोसकतो. इनेईच्या भाल्याला टोकाच्या खाली दोन्ही बाजूंना आडवी पाती आहेत, बेरजेच्या चिन्हासारखी. त्यामुळे पुढे ढकलला तर तो भोसकतो, आडवा फिरवला तर कापतो, आणि मागे ओढला तर विळ्यासारखा अडकवतो. समोरच्याचा भाला त्या आडव्या पात्यात पकडून दाबता येतो, वळवता येतो. आजही या परंपरेत सराव जोडीने होतो. एकाच्या हातात साधा सरळ भाला असतो, जवळजवळ ३.६ मीटर लांब. दुसऱ्याच्या हातात हा फुलीचा भाला, तो आखूड, २.७ मीटरचा. लांब शस्त्राला आखूड शस्त्राने कसं आवरायचं, हाच या विद्येचा गाभा आहे.

इनेईला हा आकार सुचला कसा, याची एक गोष्ट नारात सांगतात. मंदिरालगत सारुसावा नावाचं तळं आहे. रात्री इनेई काठावर भाल्याचा सराव करत होता. पाण्यात भाल्याच्या टोकाची सावली पडली होती आणि तिच्यावर चंद्रकोरीचं प्रतिबिंब आडवं आलं. टोक आणि कोर मिळून फुली झाली.

गोष्ट सुंदर आहे. पण मी ज्या तालमीत वाढलो, म्हणजे उर्दूवाल्या तालमीत, तिथे गोष्ट ऐकल्यावर पहिला प्रश्न असतो, "रावी कोण?" हे तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी? हदीसच्या विद्वानांनी सगळं शास्त्र याच प्रश्नावर उभं केलं. माणसांची साखळी घ्यायची, प्रत्येक कडी तपासायची. हे दोघे एका काळात होते का? भेटले होते का? सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती? मग ठरवायचं की रिवायत पक्की की कमकुवत. तळ्यातल्या चंद्रकोरीची गोष्ट मी कमकुवत रिवायतीत टाकतो. आडव्या पात्यांचे भाले जपानमध्ये आणखीही होते, ते काही एकाच रात्री एकाच माणसाला सुचले नाहीत. पण एखादी गोष्ट पुरावा म्हणून कमकुवत असली, तरी लोकांना ती शतकानुशतकं सांगावीशी वाटली, हे खरं असतंच.

माझ्या विद्यार्थ्याला आवडणारा प्रसंग दुसराच. प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी होझोइनमध्ये येतो आणि भालाधारी भिक्षूशी लढतो. चित्रकथेत तो भिक्षू म्हणजे इनेईचा वारस इन्शुन. ही चित्रकथा एइजी योशिकावा यांच्या 'मुसाशी' या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि ती कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात एका वर्तमानपत्रात क्रमशः आली होती. कादंबरीच्या मागे गेलं की 'नितेनकी' नावाचं मुसाशीचं चरित्र सापडतं, ते अठराव्या शतकातलं. मुसाशी वारला १६४५मध्ये. म्हणजे मध्ये शंभरावर वर्षांची फट आहे. शिवाय लढतीचा काळ १६०४च्या सुमाराचा धरतात, आणि इन्शुनचा जन्म १५८९चा. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. नितेनकीतही मुसाशीसमोर उभा राहतो तो इन्शुन नाही, होझोइनचाच दुसरा एक शिष्य आहे.

हे मी त्या मुलाला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. "म्हणजे खोटं आहे?" मी म्हटलं, "चित्रकथा आहे. तिने खरं असल्याची सनद कधी दिली होती?" त्यावर तो म्हणाला, "मग खरं काय झालं ते सांगा." तेव्हा खरी शोधाशोध सुरू झाली. रात्री जेवण झालं की मोबाइलमधल्या भाषांतराच्या आधाराने मी जपानी मजकूर वाचायचो. कळायचं थोडं, चुकायचं फार. पण माणसांची नावं, सालं आणि कोण कोणाचा शिष्य, एवढं एका वहीत उतरवत गेलो. बायको म्हणाली, "बीएडला एवढा अभ्यास केला असता तर पहिले आला असतात."

त्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद इनेईच्या म्हातारपणाची आहे. आयुष्यभर भाला चालवल्यावर, शिष्य घडवल्यावर, नाव झाल्यावर इनेईला वाटलं की हे चुकलं. भिक्षूने जीव घ्यायची विद्या शिकवू नये. त्याने होझोइनमधली शस्त्रं काढून टाकली आणि आपला शिष्य नाकामुरा नाओमासा याच्याकडे दिली. नाकामुरा भिक्षू नव्हता, संसारी माणूस होता. मठात भाला नको, असा म्हाताऱ्याचा निर्णय होता.

हा निर्णय मठाने पाळला नाही. १६०७मध्ये इनेई गेल्यावर वारस म्हणून आलेल्या इन्शुनने भाला पुन्हा हातात घेतला. इनेईकडून थेट शिकायला त्याला फारसा वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे इनेईच्या दुसऱ्या एका शिष्याकडून तो शिकला. पुढे त्याने त्यात स्वतःची भर घातली, आणि होझोइनचं नाव जपानभर झालं ते त्याच्या काळात. १६४८मध्ये तो वारला. त्याच्यानंतरही होझोइनच्या प्रमुखांची रांग भाला शिकवत राहिली. लांबलांबून सामुराई शिकायला नाराला यायचे आणि सनद घेऊन आपापल्या सरदाराकडे परत जायचे. जपानीत या सनदेला 'मेन्क्यो' म्हणतात. आपल्याकडे मदरशात उस्ताद 'इजाजत' देतात, तसंच. तू माझ्याकडून शिकलास, आता तुला शिकवायची परवानगी आहे.

अशा रीतीने एका विद्येचे दोन प्रवाह झाले. एक मठातला, खोड म्हणावा असा. दुसरा नाकामुराच्या हातून बाहेर गेलेला, फांदी म्हणावा असा.

फांदीवर पुढचं नाव ताकादा माताबेई योशित्सुगु याचं. जन्म १५९०, इगा प्रांतातला. तो नाकामुराचा शिष्य. पुढे तो ओगासावारा घराण्याच्या पदरी राहिला आणि त्यांच्याबरोबर क्यूशू बेटावरच्या कोकुराला गेला. १६५१मध्ये शोगुन तोकुगावा इएमित्सु आजारी होता, शेवटचे महिने मोजत होता. त्या काळात त्याने देशभरच्या नामवंत शस्त्रविद्यावंतांना बोलावून त्यांचे खेळ पाहिले. त्यात माताबेईने भाल्याची विद्या दाखवली. माताबेई १६७१मध्ये वारला. त्याच्या शाखेला 'ताकादा-हा' म्हणतात. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ती चांगली रुजली.

इथे एक गोष्ट मला टोचते आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६३७-३८मध्ये क्यूशूत शिमाबाराचा उठाव झाला. कर आणि छळ यांनी पिचलेले शेतकरी होते ते, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती, आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर तेव्हा बंदी होती. शोगुनशाहीने सरदारांच्या फौजा पाठवल्या आणि हारा किल्ल्यात कोंडलेली माणसं, बायकापोरांसह, मारली. त्या फौजांत ओगासावारांची फौज होती आणि माताबेई त्यांच्या पदरी होता. ज्या विद्येत हत्या आहे म्हणून एका भिक्षूने ती मठाबाहेर काढली, ती तीस वर्षांत अशा ठिकाणी पोहोचली. विद्येचा इतिहास शोधताना फक्त चंद्रकोर आणि तळं घेऊन चालत नाही, हेही वहीत लिहावं लागतं.

आता १८६८. शोगुनशाही संपली, मेइजी सम्राटाचं सरकार आलं. त्या सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. तोवर हजार वर्षं दोन्ही एकमेकांत मिसळून होते. कोफुकु-जी आणि शेजारचं कासुगा हे शिंतो देवस्थान जवळजवळ एकच संस्था होती. हुकमानंतर कोफुकु-जीचे भिक्षू एकगठ्ठा कासुगाचे पुजारी झाले आणि मंदिर ओस पडलं. जमिनी गेल्या, भिंती पाडल्या, उपमठ मोडले. त्यात होझोइनही गेलं. १८७६मध्ये तलवारी बाळगायलाही बंदी आली. त्यानंतर भाला शिकायला नाराला कोण येणार?

आज नारात गेलात तर मंदिराच्या आवाराला भिंत नाही. ती सगळी बाग आहे आणि हरणं मोकळी फिरतात. पर्यटक त्यांना बिस्किटं घालतात. होझोइन जिथे होतं ती जागा आता नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात येते.

अशा रीतीने मठातलं खोड संपलं. तीनशे वर्षांची रांग तुटली, तीही हुकमाच्या एका कागदाने.

आणि फांदी? ती टोकियोत जिवंत राहिली. कुठे राहिली हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ती एका शाळेत राहिली. टोकियोची फर्स्ट हायर स्कूल. पुढे विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची ही नावाजलेली शाळा, आपल्या जुन्या इंटरमिजिएट कॉलेजसारखी. तिथे तलवारबाजीचा गट होता आणि त्या मुलांना यामाझातो नावाचे शिक्षक होझोइनचा भालाही शिकवत. मुलं वकील, अधिकारी, प्राध्यापक होणारी. भाल्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता. परीक्षेत त्याला गुण नव्हते. तरी शिक्षक शिकवत होते आणि मुलं शिकत होती.

त्या मुलांत एक होता इशिदा काझुतो. जन्म १९०३. तो पुढे न्यायाधीश झाला आणि १९६९ ते १९७३ जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश होता. त्याच्या कारकिर्दीत, एप्रिल १९७३मध्ये, त्या न्यायालयाने पहिल्यांदाच संसदेने केलेला एक कायदा घटनाबाह्य ठरवला. आईवडिलांचा खून केला तर इतर खुनापेक्षा कितीतरी कडक शिक्षा, असा तो कायदा होता. इशिदांच्या काही निर्णयांवर पुष्कळ टीकाही झाली, ते कडक परंपरावादी म्हणून ओळखले जात. पण न्यायालयाच्या बाहेर त्यांच्याकडे जे होतं ते मोजक्याच माणसांकडे उरलं होतं. शाळेत असताना शिकलेले भाल्याचे हात.

महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात जपानमध्ये शस्त्रविद्यांवर बंदी आली होती. १९५०मध्ये ती शाळाही इतिहासजमा झाली. एक एक करून माणसं गेली. आणि मग नारामधले केंदोचे जाणकार निशिकावा गेन्नाई इशिदांकडे शिकायला गेले. आपल्या गावाची विद्या, आपल्या गावात नाही, म्हणून टोकियोला जाऊन ते शिकले. १९७६मध्ये इशिदांनी ती त्यांच्या हाती सोपवली आणि होझोइनचा भाला नाराला परतला. मठ मोडल्यानंतर शंभरावर वर्षांनी. इशिदा १९७९मध्ये वारले. सालं नीट पाहा. तीन वर्षं उशीर झाला असता तर?

आज नारात ती विद्या शिकवली जाते. तिची शाखा जर्मनीपर्यंत गेली आहे. पण मला सगळ्यात आवडली ती त्यांच्या नावातली गोष्ट. ते स्वतःला नुसतं होझोइन म्हणवत नाहीत. पूर्ण नावात 'ताकादा-हा' येतं. म्हणजे आम्ही मठातलं खोड नाही, ताकादाच्या फांदीवरून आलो आहोत, हे ते नावातच सांगतात. कोणाला लपवता आलं असतं. होझोइनच्या गावात बसलेल्यांना कोण विचारणार होतं? पण साखळीत जी कडी नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, आणि जी आहे ती गाळायची नाही. यालाच आपल्याकडे सनद म्हणतात.

वहीत हे सगळं एका पानावर मांडलं, बाण काढले, तेव्हा मला दिसलं की विद्या वाचली ती इनेईने दिलेल्या शस्त्रांमुळे. त्याने भाला मठातच ठेवला असता, घरची विद्या घरात राहू दे म्हटलं असतं, तर १८६८मध्ये मठाबरोबर तीही संपली असती. मठाने जपलेली संपली. मठाने बाहेर दिलेली वाचली.

आता ते खासगी कारण.

माझ्या अब्बांचं आमच्या तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण गावात त्यांना कोणी मिस्त्री म्हणायचं नाही, वस्ताद म्हणायचे. लाठी, दांडपट्टा आणि विटा, हे त्यांचे हात. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचं टोक मनगटाला असतं. भाला फेकायचा आणि झटक्यात परत ओढून घ्यायचा. मराठ्यांच्या फौजेतलं हे शस्त्र, आता मर्दानी खेळात उरलेलं. मोहरममध्ये ताबुतांपुढे आणि शिवजयंतीला मिरवणुकीत, दोन्हीकडे अब्बांचा विटा फिरायचा. त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं, ते जातीने मांग होते. त्यांच्या आधीचं नाव मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

मी शिकलो नाही. अब्बांनी पहाटे पाचला उठवायचं, मी पांघरूण ओढायचं. पुढे बीएडला गेल्यावर मला ते सगळं अडाणीपणाचं वाटू लागलं. एकदा मित्रांसमोर मी म्हणालो होतो की अब्बांचं दुकान आहे आणि त्यांना "थोडा खेळाचा शौक" आहे. अब्बा दाराआड होते. ते काही बोलले नाहीत.

मोहल्ल्यातली पोरंही पाचला येत नसत. येत होता तो माळी गल्लीतला एक तरुण. तो रोज यायचा. अब्बांनी त्यालाच सगळं शिकवलं. चाचा चिडले होते. म्हणाले, "भाईजान, घर का इल्म घर में रहने दो. अपना लडका है ना." अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जो सुबह आएगा, उसको सिखाऊंगा." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. अपमान झाल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम.

अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. तालमीच्या जागी आता गाळे आहेत. विटा आमच्या माळ्यावर जुन्या संदुकीमागे आहे. आणि मी रात्री जागून जपानमधल्या भाल्याच्या सिलसिल्यातली कडी न् कडी वहीत उतरवत होतो. बायको सहज म्हणाली, "अब्बांचं नाव कुठल्या वहीत आहे?"

त्या प्रश्नानंतर आठ दिवस मी वही उघडली नाही.

मग त्या माळी गल्लीतल्या माणसाचा शोध घेतला. ते एसटीत ड्रायव्हर झाले होते, आता निवृत्त होऊन शेजारच्या तालुक्यात राहतात. वय बासष्ट. फोनवर मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं नाही. मग अब्बांचं नाव सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "वस्तादांचा पोरगा? मग असं सांगा की. रविवारी या. विटा आहे ना घरात? तो आणा. दोरी मात्र नवी घ्या, जुनी कुजली असेल."

कुजलीच होती. बाजारात दोरी घ्यायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, "विहिरीला का सर?" मी हो म्हणालो. खरं सांगायला अजून जीभ वळत नव्हती.

रविवारी त्या मुलालाही बरोबर नेलं, ज्याने चित्र काढलं होतं. त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन. आण्णांच्या घरामागे मोकळी जागा आहे. आण्णांना सगळं आठवत नाही. काही हात पक्के आहेत. काहींबद्दल ते थांबतात, डोळे मिटतात, हात हवेत फिरवून बघतात आणि म्हणतात, "हे वस्ताद असंच करायचे का, खात्री नाही. हे लिहू नका." काही हात त्यांनी नंतर दुसरीकडे पाहिलेले आहेत, तेही ते वेगळे सांगतात. "हा वस्तादांचा नाही हां. हा मी कोल्हापुरात बघितला." हदीसचं एक अक्षर न वाचलेला हा माणूस साखळी किती इमानाने सांभाळतो, हे पाहून मी गप्प झालो. आतापर्यंत वहीत अब्बांचे म्हणून अकरा हात लिहिले आहेत. चार हातांपुढे प्रश्नचिन्ह आहे. ते तसंच राहणार.

माझं वय आता शिकायचं नाही. गुडघा दुखतो, खांदा वर जात नाही. तरी आण्णा मलाही उभं करतात. पहिल्या दिवशी मी विटा हातात घेतला तर त्यांनी मनगट धरून फिरवलं. "असं नाही. असं धरायचं. वस्तादांनी माझं मनगट असंच धरलं होतं."

पोरगा मात्र झटकन शिकतो. तो इनेईचा भाला शिकायला आला होता, मिळाला विटा. त्याची काही तक्रार नाही. परवा त्याने विचारलं, "सर, हमारे वाले का नाम क्या लिखूं वही में? वस्ताद के पहले कौन थे?" मी म्हटलं, बघून सांगतो. अब्बांचे वस्ताद ज्या वाडीचे होते, तिथे या दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे. त्यांच्या घरातलं कोणी असेलच. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी कुजलेली दोरी असेल, तर ज्याच्या मनगटाला ती शेवटची बांधली होती, तो माणूस हयात आहे का तेवढं आधी बघा.